अँटिबायोटिकमुळे मांजराचं पोट बिघडलं तर काय करायचं

मांजराला अँटिबायोटिक सुरू झालं की बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिटर बॉक्समध्ये पातळ शी दिसते. मग घरातले दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर गोळी बंद करतात, नाहीतर पोटाला विश्रांती हवी म्हणून मांजराला उपाशी ठेवतात. दोन्ही चुका आहेत आणि दुसरी जास्त महागात पडते. माणसाने किंवा कुत्र्याने एखादा दिवस लंघन केलं तर चालून जातं, मांजराला चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात नीट काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, यकृत काम करेनासं होतं आणि मूळ आजार बाजूला राहून नवाच जिवावर बेततो. लठ्ठ मांजरात हे आणखी लवकर होतं. म्हणून या संपूर्ण प्रकरणात लक्ष ठेवायचं ते आधी खाण्याच्या वाटीवर, मग लिटर बॉक्सवर.

पोट का बिघडतं

कारणं तीन आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा. पहिलं कारण म्हणजे औषधाने जठराला होणारा थेट त्रास. गोळी दिल्यावर तासा-दोन तासांत उलटी, लाळ, ओठ चाटणं असं दिसलं तर बहुधा हेच असतं. दुसरं, काही औषधं आतड्याची हालचालच वाढवतात. अमॉक्सिसिलिनबरोबर असलेलं क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड आणि अझिथ्रोमायसिन ही त्यातली. तिसरं कारण हळू उभं राहतं. अँटिबायोटिक रोगाच्या जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं, त्यामुळे पित्तरस आणि अन्न यांची पुढची प्रक्रिया बिघडते आणि शी पातळ होते. असे जुलाब कोर्स संपल्यावरही सुरू होऊ शकतात.

हा शेवटचा परिणाम वाटतो त्यापेक्षा लांब चालतो. अमेरिकेत १६ निरोगी मांजरांना २१ दिवस क्लिंडामायसिन देऊन अभ्यास झाला होता. औषध बंद करून ६ आठवडे झाले तरी त्यांच्या आतड्यातले जंतू पूर्ववत झाले नव्हते. अँटिबायोटिकनंतर तासाभराने प्रोबायोटिक-प्रीबायोटिकचं (उपयोगी जंतू आणि त्यांचं खाद्य) मिश्रण दिलेल्या मांजरांनी उलट्या कमी केल्या, एवढं मात्र दिसलं.

आधी खात्री: दोष खरंच औषधाचा आहे का?

औषध सुरू होण्याआधीच शी पातळ होती का, हे आठवून बघा. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला जंत, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) किंवा पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो. त्याच तक्रारीसाठी औषध सुरू झालेलं असतं आणि नंतर खापर औषधावर फुटतं. लस न झालेलं पिल्लू उलट्या-जुलाब करत असेल, मलूल असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

त्याच आठवड्यात खाणं बदललं का? आजारी आहे म्हणून लाडाने कलेजी, दूध, नवं पाऊच सुरू झालं का? जुलाबाचं हे कारण फार वेळा सापडतं. पावसाळ्यात गढूळ पाणी येणाऱ्या किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत असाल तर मांजरालाही उकळून गार केलेलं पाणीच द्या. कच्चं चिकन देत असाल तर बंद करा. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. कच्च्या कोंबडीत तो सर्रास असतो आणि मांजराच्या शीतूनही तो घरात पसरतो.

बोका असेल तर एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा. तो वारंवार लिटरमध्ये जाऊन जोर करतोय, ओरडतोय आणि बाहेर काहीच येत नाहीये, तर ते पोट बिघडणं नसून मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्यात काही तासांचाच हिशोब असतो. लिटरमध्ये शूचे गोळे दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर रात्र असली तरी निघा.

गोळी देण्याची पद्धत सुधारा

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट खाण्याबरोबर द्यायचं. आधी चमचाभर ओलं खाणं, मग डोस, मग उरलेलं खाणं. अ‍ॅम्पिसिलिन याला अपवाद, ते उपाशीपोटी चांगलं शोषलं जातं, म्हणून औषध कुठलं आहे ते पाकिटावर नीट वाचा. माणसांचं ड्राय सिरप दिलं असेल तर आणखी एक बाब आहे. त्यात अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनेटचं प्रमाण बऱ्याचदा ७ ला १ असतं, जनावरांच्या औषधात ४ ला १. त्यामुळे "तेच तर आहे" म्हणून एकाऐवजी दुसरं मोजून देऊ नका. पाणी घातलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, प्रत्येक वेळी हलवायची आणि लेबलवर लिहिलेले दिवस, बहुतेक ७, झाले की उरलेलं टाकून द्यायचं. माणसांच्या ६२५ मिलिग्रॅमच्या गोळीचे सुरीने आठ तुकडे करणंही बंद करा. एक तुकडा जास्त, एक कमी असा डोस जातो, आणि क्लॅव्ह्युलॅनेटला दमट हवा सोसत नाही, जुलैच्या पुण्यात तर उघडा तुकडा दुसऱ्या दिवशी पिवळा पडलेला दिसतो.

डॉक्सिसायक्लिनची गोष्ट जास्त गंभीर. मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी अडकून राहू शकते आणि डॉक्सिसायक्लिन तिथेच विरघळलं तर आतून भाजल्यासारखी जखम होते, पुढे नलिका आक्रसते. क्लिंडामायसिनच्या कॅप्सूलनेही असं होऊ शकतं. म्हणून गोळी गिळल्यावर लगेच बिनसुईच्या सिरिंजने ५-६ मिली पाणी द्या. सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागे, गालाच्या फटीत ठेवायचं, डोकं वर ताणायचं नाही आणि एकेक मिली सोडत मधे गिळायला वेळ द्यायचा. जोरात पिचकारी मारली तर पाणी श्वासनलिकेत जातं. पाण्याला मांजर फारच झगडत असेल तर गोळीमागोमाग दोन चमचे ओलं खाणं खाऊ घाला.

गोळी चीजमध्ये, दह्यात किंवा पेढ्यात लपवायची सवय इथे नडते. दुधातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन दोन्हींना धरून ठेवतं आणि औषध पुरेसं शोषलं जात नाही. अँटासिड, लोहाचं टॉनिक, सुक्राल्फेट (जठराच्या जखमेवरचं औषध) यांचंही तेच. ही औषधं देणं भागच असेल तर मधे निदान २ तास ठेवा.

मेट्रोनिडाझोल जहाल कडू असतं. ते जिभेला लागलं की तोंडातून फेसाची लाळ गळते, लोक घाबरतात, पण ती चवीची प्रतिक्रिया असते. गोळी कुटून आवडत्या खाण्यात मिसळली तर मांजर ते खाणंच कायमचं सोडतं. त्यापेक्षा कमी कडू असलेलं बेन्झोएट सस्पेन्शन मिळतं का, ते डॉक्टरांना विचारा. आणि अँटिबायोटिकने लागलेले जुलाब थांबवायला घरातलं उरलेलं मेट्रोनिडाझोल देऊ नका. तेही अँटिबायोटिकच आहे, आतड्यातले जंतू ते आणखी विस्कटतं.

डोस देऊन उलटी झाली आणि उलटीत अख्खी गोळी दिसली, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या. गोळी दिसली नाही किंवा अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला असेल तर तो डोस झाला असं समजा. पुढच्या वेळी दुप्पट डोस कधीच नाही.

खाणं: किती, कसलं, केव्हा

शी थोडी मऊ आहे, मांजर खातंय, खेळतंय, तर खाणं बदलूच नका. हे ऐकायला आळशीपणाचं वाटतं, पण औषध आणि खाणं एकाच वेळी बदललं की नक्की कशामुळे काय झालं ते पुढे कुणालाच सांगता येत नाही. आहे तेच खाणं दोन मोठ्या वेळांऐवजी पाच-सहा छोट्या वेळांत वाटून द्या.

शी अगदी पातळ असेल किंवा मांजराने नेहमीचं खाणं नाकारलं असेल तर दोन पर्याय. डॉक्टर देतात ते पचायला हलकं गॅस्ट्रोइंटेस्टाइनल खाणं, शक्यतो ओलं. नाहीतर घरी उकडलेलं चिकन.

चिकनवाल्याकडून पाव किलो बोनलेस ब्रेस्ट घ्या. कातडी आणि पिवळी चरबी काढून टाका. नुसत्या पाण्यात, झाकण ठेवून १५-२० मिनिटं शिजवा. मीठ, हळद, आलं-लसूण काही नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून घरच्या रश्श्यातले तुकडे धुऊन देणं किंवा सूपचं पाकीट वापरणंही नको. शिजलेलं चिकन बोटांनी बारीक रेशे करून ठेवा. पाणी गार करून वर जमलेली चरबी काढा आणि प्रत्येक वेळी त्यातलं चमचा-दोन चमचे पाणी चिकनवर घाला, तेवढंच पाणी पोटात जातं.

४ किलोच्या मांजराला नुसतं पडून असताना दिवसाला साधारण १९० कॅलरी लागतात. शिजलेल्या ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅमला १६५च्या आसपास असतात. म्हणजे दिवसाला ११०-१२० ग्रॅम, सहा वेळा वीस-वीस ग्रॅम. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, बाकीचं वीस ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. देताना अंगाच्या उबेइतकं कोमट करा, गार खाण्याला वास नसतो आणि मळमळणारं मांजर वासावरच ठरवतं. हे खाणं चार-पाच दिवसांपुरतंच. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि मांजराला लागणारी इतर पोषकद्रव्यंही पुरेशी नसतात.

भात घालायचा आग्रह नको. कुत्र्यांसाठी चिकन-भात ठीक, मांजर पक्कं मांसाहारी आहे, जास्त पिष्टमय पदार्थ त्याला पेलत नाहीत. दूध तर नाहीच, मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब वाढतात. आपल्याकडे पोट बिघडलं की दहीभात हे ठरलेलं उत्तर आहे, पण ते माणसांसाठी.

जुलाब कोणत्या आतड्याचे आहेत, हे शीकडे बघून बरंचसं कळतं. दिवसातून दोन-तीनदाच, पण भरपूर आणि पाण्यासारखी शी, वजन उतरतंय, तर लहान आतडं. थोडी थोडी, पाच-सात वेळा, आव, क्वचित ताज्या रक्ताचा धागा, जोर करणं, तर मोठं आतडं. दुसऱ्या प्रकारात तंतुमय पदार्थांचा उपयोग होतो. बिनवासाचा, बिनसाखरेचा साधा इसबगोल पाव चहाचा चमचा, दोन-तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून त्याचा लगदा झाला की खाण्यात कालवा. कोरडा कधीच घालू नका. त्याऐवजी उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक चहाचा चमचा चालतो, अर्थात फोडणीची भाजी नव्हे. मांजर सुकलेलं असेल तर इसबगोल टाळा, तो आतलं पाणीच ओढून घेतो. औषध आणि इसबगोल यात २ तासांचं अंतर हवं.

प्रोबायोटिक: कुठलं आणि केव्हा

सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, जंतू नाही. जंतुनाशक औषध त्याला मारत नाही, म्हणून ते कोर्ससोबतच देता येतं. मेडिकलमध्ये इकोनॉर्म या नावाने मिळतं. पुड्यांमध्ये बऱ्याचदा साखर आणि फ्लेवर असतो, त्यापेक्षा कॅप्सूल उघडून वापरणं बरं. मांजराला किती, ते वजनावरून डॉक्टर सांगतील. इथे एक खोच आहे. पर्शियन मांजरांना गजकर्णासाठी इट्राकोनाझोल चालू असतं, ते बुरशीनाशक आहे आणि हे यीस्ट मारून टाकतं. दोन्ही एकत्र देण्यात पैसे वाया जातात. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मांजराला, म्हणजे कीमोथेरपी वा स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असतील तर, हे यीस्ट देऊ नका.

एन्टेरोकॉकस किंवा लॅक्टोबॅसिलस असलेली जनावरांसाठीची पावडर मिळाली तर ती अँटिबायोटिकच्या डोसपासून निदान २ तास दूर द्या, नाहीतर ती पोटात जाताच मरते. एन्टरोजर्मिनाच्या कुपीत बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतात. ते अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत, चव नसल्याने मांजर तक्रारही करत नाही, पण मांजरांवरचा अभ्यास तुटपुंजा आहे. कुठलंही निवडा, पण एकच निवडा आणि कोर्स संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. दर दोन दिवसांनी नवा ब्रँड म्हणजे आतड्याला पुन्हा नवा बदल.

पाणी कमी पडतंय का?

४ किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, जुलाबात त्याहून जास्त. ओठ उचलून हिरडीला बोट लावा. ओलसर, गुळगुळीत असेल तर ठीक, चिकट लागली तर पाणी कमी पडतंय. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची परीक्षा म्हाताऱ्या, रोड मांजरात फसवी ठरते. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे लिटरमधले शूचे गोळे. रोजच्या तीनाचा एक झाला की सावध व्हा.

माणसांचं ओआरएस मांजर बहुधा तोंडाला लावत नाही. गोड चव त्याला कळतच नाही, आणि फ्लेवरवालं तर नकोच. खाण्यात पाणी वाढवणं हा जास्त कामाचा मार्ग. उलट्या चालू असताना सिरिंजने पाणी कोंबू नका. अशा वेळी दवाखान्यात कातडीखाली सलाइन देतात, दहा मिनिटांचं काम असतं.

वजन रोज एकाच वेळी घ्या. कॅरियर टांगायच्या काट्याला लावून आधी रिकामा, मग मांजरासकट. ४ किलोचं मांजर २०० ग्रॅमने उतरलं तर वाट बघायची नाही.

घरातली ही औषधं लांब ठेवा

पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम काहीही असो, तापासाठी म्हणूनही नाही. बिस्मथ सबसॅलिसिलेट असलेली पोटाची औषधं अ‍ॅस्पिरिनच्या जातीची आहेत. लोपेरामाइडने काही मांजरं विचित्र भडकतात. उलटी थांबवायला मॅरोपिटंट, भूक लागायला मिर्टाझापिन अशी मांजरांना चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांनी द्यायची.

फरशीवर सांडलेलं पुसायला फिनाइल किंवा डेटॉल वापरू नका. मांजर त्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं, त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं त्याच्या यकृताला निभावत नाहीत. साबणाच्या पाण्याने पुसा. जंतूंची शंका असेल तर ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुऊन टाका. शेपटीखालची जागा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून कोरडी करा, लांब केस असतील तर कापा. लाल झाली तर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात. बाळांच्या डायपर क्रीममध्ये झिंक असतं, मांजर ते चाटतं, म्हणून ते नको.

फोन केव्हा, दवाखाना केव्हा

शी पातळ आहे पण मांजर खातंय, तर दुसऱ्या दिवशी फोन पुरेसा. फोनवर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, पहिला डोस केव्हा, शी किती वेळा, आव-रक्त आहे का, वजन किती, एवढं तयार ठेवा. शीचा फोटो पाठवा, लाजू नका. विचारायचं असं: खाण्याबरोबर दिलं तर चालेल का, गोळीऐवजी सिरप आहे का, दुसरं औषध देता येईल का, कोर्स इतके दिवस लागेलच का? हा शेवटचा प्रश्न रास्त आहे. तरुण मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत बहुतेकदा जंतू नसतातच. मात्र मनाने कोर्स सोडू नका. मारामारीतला गळू अर्धवट राहिला तर पुन्हा पू धरतो. सेफोव्हेसिन या अँटिबायोटिकचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते थांबवता येत नाही, अंगात दोन आठवडे आणि त्याहून जास्त राहतं. तिथे फक्त वर सांगितलेली काळजी हाच मार्ग.

त्याच दिवशी दाखवायचं ते असं: २४ तास काही खाल्लं नाही, पिल्लू असेल तर १२ तास. दिवसात तीन किंवा जास्त उलट्या. डांबरासारखी काळी शी किंवा धाग्यापेक्षा जास्त रक्त. पांढऱ्या किंवा पिवळ्या हिरड्या. ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ असतं. औषधागणिक खुणाही वेगळ्या. मेट्रोनिडाझोलवर झोकांड्या किंवा डोळ्यांची थरथर, एन्रोफ्लॉक्सासिनवर मोठ्या झालेल्या बाहुल्या आणि वस्तूंना धडकणं, डॉक्सिसायक्लिनवर गिळताना मान ताणणं आणि खाल्लेलं तसंच बाहेर येणं. या तिन्हींत पुढचा डोस न देता आधी फोन. तोंड सुजलं किंवा धाप लागली तर फोनही वाटेतच करा.

दुपारी एक ते चार पुण्यात काय काय बंद असतं ते सांगायला नको, प्राण्यांचे दवाखानेही त्यात आले. कोर्स सुरू होतो त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांच्या वेळा आणि रात्री उघड्या असलेल्या एका दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कोर्स संपल्यावर

शी दोन दिवस सलग बांधलेली आली की जुन्या खाण्यावर परत या. दोन दिवस पाव हिस्सा जुनं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण. मधेच शी ढिली झाली तर एक पायरी मागे. मांजराच्या फाइलवर औषधाचं नाव, डोस आणि झालेला त्रास तारखेसकट लिहा, पुढच्या वेळी वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर हाच कागद कामाला येतो.

बहुतेक मांजरं कोर्स संपल्यावर आठवडाभरात सावरतात. दोन आठवड्यांनंतरही शी पातळच असेल तर ताज्या शीचा नमुना बंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या आत तपासायला द्या. जंताची अंडी आणि जिआर्डिया रोज पडतातच असं नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने दिलेले बरे. जिथे बरीच मांजरं एकत्र वाढली तिथून आणलेलं तरुण मांजर असेल तर ट्रायट्रिकोमोनास या आतड्यातल्या परजीवीची पीसीआर तपासणीही मागून घ्या, तो साध्या तपासणीत सहज निसटतो.